व्यायामाच्या तासाला नाडीची साक्ष

शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत संपली म्हणजे पहिल्या तीन मुलांची नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात आणि उरलेली मुले वर्गाकडे वळतात. तिघांचा गौरव होतो यात गैर काही नाही. शर्यत ती शर्यतच. परंतु व्यायामाचा तास ही शर्यत नव्हे, या गोष्टीचा विसर पडला म्हणजे घोटाळा सुरू होतो. मागे राहिलेल्या मुलांविषयी तेथल्या तेथे निकाल दिला जातो : अमका आळशी, अमकी नाजूक, तमका अंगचोर. हा निकाल डोळ्यांनी दिलेला असतो, आणि डोळ्यांना दिसतात ते मुलाचे पाय. ते पाय पुढे टाकण्यासाठी आत हृदयाला किती राबावे लागत आहे, हे बाहेरून दिसत नाही.

हे आतले राबणे आकड्यांत दाखविणारे एक लहानसे यंत्र आता सहज मिळू लागले आहे. छातीला बांधावयाचा पट्टा किंवा मनगटावरचे घड्याळ अशा रूपांत ते असते, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात ते सांगते. परदेशांतील कित्येक शाळांत व्यायामाच्या तासाला त्याचा उपयोग होऊ लागल्यास बरीच वर्षे झाली. वऱ्हाडातील हिवरखेडसारख्या गावच्या शाळेला या यंत्राचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा नाडीतच अधिक सापडण्यासारखे आहे.

नाडी पाहणे ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. नाडी सर्पासारखी चालते, बेडकासारखी उड्या घेते की हंसासारखी संथ जाते, हे वैद्य बोटांनी ओळखीत असे. त्याचे लक्ष नाडीच्या चालीकडे होते; घड्याळ लावून ठोके मोजणे ही रीत मागाहून आली. 1707 साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले आणि त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील आइंटहोव्हेन याने हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याबद्दल त्यास 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते यंत्र खोलीएवढे होते आणि रोग्याला त्यापुढे स्वस्थ बसावे लागे. धावत्या माणसाचे हृदय त्यास पकडता येत नव्हते.

ती अडचण फिनलंडमध्ये सुटली. ओऊलू विद्यापीठातील प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी 1977 साली पोलर नावाची कंपनी काढली, आणि 1982 साली तिने बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणले. छातीच्या पट्ट्याने हृदयाची सूक्ष्म वीज टिपावयाची आणि मनगटावरील घड्याळाकडे आकडा पाठवावयाचा, अशी ही योजना. आरंभी बर्फावर घसरत जाणारे खेळाडू ते वापरीत. हल्लीची मनगटी घड्याळे निराळ्या रीतीने काम करतात. ती त्वचेवर बहुधा हिरवा प्रकाश टाकतात. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीजास्त होते, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात.

हे यंत्र खेळाडूंच्या हातून शाळेच्या मैदानावर आले तेव्हा काय घडले, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात नेपरव्हिल नावाचे गाव आहे. तेथे फिल लॉलर नावाचे व्यायामशिक्षक होते. 1990 नंतरच्या वर्षांत त्यांनी आपल्या शाळेत हे पट्टे आणले. एके दिवशी मुले मैलभर धावत असता त्यांनी सहावीतील एका मुलीला पट्टा बांधला. मुलगी सडपातळ होती, पण खेळात गती मुळीच नव्हती, आणि धावण्यात ती फार मागे पडे. धावणे संपल्यावर आकडे पाहिले तो तिच्या हृदयाची गती सरासरीने मिनिटास 187 होती, आणि अंतिम रेषा ओलांडताना ती 207 वर गेली होती. एवढ्या कष्टाने धावणाऱ्या मुलीला आजवर ‘जरा पाय उचल’ असे सांगितले जात होते! लॉलर यांनी त्या दिवसापासून मुलांस पाहण्याची आपली दृष्टीच बदलली, आणि पुढे त्या शाळेत व्यायामाचे गुण वेगावर न देता परिश्रमावर दिले जाऊ लागले. डॉ. जॉन रेटी यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या मेंदू व व्यायाम यांवरील पुस्तकात ही हकीकत दिली आहे.

त्या मुलीच्या जागी हिवरखेडची एखादी मुलगी उभी करून पाहावी. हिवरखेड नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूस आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील हिवरखेड संत्र्यांच्या मुलुखात आहे. कोणतेही घेतले तरी शाळेचे मैदान सारखेच : काळी माती किंवा मुरूम, डोक्यावर ऊन, आणि वऱ्हाडात ज्यांना कौतुकाने ‘पोट्टे’ म्हणतात अशी तरतरीत मुले. सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतील शालेय क्षमताचाचणीत 600 मीटर धावणे किंवा चालणे हा एक भाग आहे, आणि त्यात मोजला जातो तो लागलेला वेळ. आता समजा, एक मुलगा पहिला आला आणि त्याची नाडी 150 भरली. एक मुलगी शेवटची आली आणि तिची नाडी 192 भरली. वेळ पाहणारा म्हणेल, मुलगा उत्तम आणि मुलगी ढिली. नाडी पाहणारा म्हणेल, मुलाने अंग राखून काम केले आणि मुलीने होते नव्हते तेवढे बळ खर्चिले. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. परंतु शिक्षकास कोणाला काय सांगावयाचे हे ठरविण्यास दुसरी साक्ष अधिक उपयोगी आहे. मुलाला सांगावयाचे, ‘आणखी जोर कर.’ मुलीला सांगावयाचे, ‘जरा सावकाश धाव, आणि थोडी अधिक वेळ धाव.’ आजवर नेमके याच्या उलट सांगितले जात आले.

त्या मुलीची नाडी एवढी का चढावी, हाही विचार येथेच करावयास हवा. सवय नसणे हे एक कारण आहेच. परंतु आपल्याकडे त्याहून गंभीर कारण पुष्कळदा रक्ताल्पतेचे असते. रक्तातील तांबडा अंश कमी झाला म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयास अधिक फेऱ्या माराव्या लागतात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींत शंभरांपैकी सुमारे 59 मुली रक्ताल्प आढळल्या. म्हणजे मैदानावर उभ्या असलेल्या थोरल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुली धावू लागण्यापूर्वीच ओझे घेऊन उभ्या असतात, आणि ते ओझे कोणास दिसत नाही. विदर्भातील काही समाजांत सिकलसेलचा विकारही आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी 2023 साली केंद्र सरकारने स्वतंत्र मोहीम सुरू केली. अशा मुलांस उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईपर्यंत पळविणे धोक्याचे असते. नाडी चढली म्हणून रक्ताल्पता आहे असे कोणी ठरवू नये. ते काम डॉक्टरांचे व रक्ततपासणीचे. परंतु जी मुलगी थोड्याशा चालण्यानेही वारंवार धापा टाकते आणि विसाव्यानंतरही जिची नाडी उतरत नाही, तिला ‘आळशी’ म्हणण्याऐवजी तपासणीस पाठवावे, एवढी बुद्धी त्या आकड्याने शिक्षकास दिली तरी पुष्कळ झाले. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली खरोखर घेतात की दप्तरात टाकतात, हेही मग विचारले जाईल.

दुसरे कारण ऊन. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि याच कारणाने विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. उष्म्यात हृदयास दोन धन्यांची चाकरी करावी लागते. स्नायूंना रक्त पुरवावयाचे, आणि अंग थंड राखण्यासाठी त्वचेकडेही तेवढेच रक्त पाठवावयाचे. घामावाटे पाणी गेले म्हणजे मूळचे रक्तही आटते. त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी जी कवायत 140 ठोक्यांत होते, तीच मार्चच्या दुपारी बऱ्याच अधिक ठोक्यांत होते. घड्याळाच्या वेळापत्रकाला हे कळत नाही, नाडीला कळते. पी. टी.चा तास दुपारी की सकाळी ठेवावयाचा, याचा निकाल मुख्याध्यापकांनी या एका गोष्टीवरून लावला तरी चालेल.

वऱ्हाडात व्यायामाची परंपरा काही कोती नाही. अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. कबड्डीसारखा आपला मातीतला खेळ तेव्हा परदेशच्या प्रेक्षकांनी पाहिला. आखाड्यातील जुने वस्ताद यंत्रावाचून मुलाचा दम ओळखीत. श्वास नाकाने चालला आहे की तोंडाने, जोर काढताना बोलता येते की नाही, घाम कोठे व कसा सुटला, यावरून ते कोणाला थांबवावयाचे आणि कोणाला आणखी वीस बैठका द्यावयाच्या हे ठरवीत. ‘व्यायाम अर्धशक्तीने करावा’ हा आयुर्वेदाचा दंडकही त्यांना ठाऊक असे. नाडी मोजणे ही त्याच जाणतेपणाची आकड्यांतील आवृत्ती होय. फरक इतकाच की, वस्तादापुढे दहा शिष्य असत आणि शाळेतील शिक्षकापुढे पन्नास मुले असतात. पन्नासांचा दम एका नजरेत ओळखणे कोणाच्याच हातचे नाही.

या यंत्राने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली आहे, ती शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. इंग्लंडमधील एक्झिटर येथील प्राध्यापक नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेल्या गृहस्थांचे हे केवळ नामबंधू) आणि त्यांचे सहकारी यांनी 11 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना शाळेच्या तीन दिवसांत हृदयगतिमापक बांधून ठेवले आणि 1990 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिनिटास 139 ठोक्यांच्या वर हृदय सलग वीस मिनिटे राहिले, असा प्रसंग कितीएक मुलांच्या बाबतीत एकदाही आला नाही, असे त्यांस आढळले. मुले खेळतात, पळतात असे आपण समजत असतो. प्रत्यक्षात ती पुष्कळ वेळ उभीच असतात. आपल्या शाळेतील तास याच दृष्टीने पाहावा. रांगा लावण्यात दहा मिनिटे जातात. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू आपली पाळी येईपर्यंत बसूनच असतो. क्रिकेटमध्ये सीमेजवळ उभा केलेला मुलगा तासभर आकाश पाहतो. याउलट लेझीम, लंगडी, साखळीची पकडापकडी किंवा सूर्यनमस्कार यांत वर्गातील प्रत्येक मूल एकाच वेळी कामाला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसास सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोराची हालचाल आवश्यक म्हणून सांगितली आहे. त्यातील किती मिनिटे शाळा देते, याचा हिशेब नाडीवरून चोख लागतो, आणि तो हिशेब मुलांचा नसून तासाचा असतो.

यंत्राचे गुण सांगितले. आता त्याच्या मर्यादा. 220 मधून वय वजा करावे म्हणजे हृदयाची कमाल गती निघते, असे एक गणित या यंत्राबरोबर सर्वत्र फिरते. ते 1971 च्या सुमारास प्रौढ माणसांच्या आकड्यांवरून ढोबळपणे मांडलेले आहे. प्रौढांतही ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते, आणि मुलांस तर ते लागूच पडत नाही. आठ वर्षांचे मूल काय किंवा चौदा वर्षांचे काय, कसून धावले म्हणजे कमाल गती 200 च्या आसपासच येते. स्वस्थ बसलेल्या शाळकरी मुलाची नाडीही मोठ्या माणसाहून जलद असते. ती 75 पासून 115 पर्यंत असली तरी घाबरण्याचे कारण नाही. मूल लहान तसे हृदय लहान, आणि लहान हृदयाला एका ठोक्यात थोडेच रक्त ढकलता येते, म्हणून ते अधिक ठोके देते. मोठ्यांचा तक्ता मुलांपुढे टांगून ‘तुझी नाडी तांबड्या रेषेवर गेली’ असे सांगणे म्हणजे विनाकारण भीती घालणे होय.

मनगटी घड्याळ हात जोराने हलू लागला की चुकते. ते सैल बांधले, घाम आला, तरीही चुकते. छातीचा पट्टा त्या मानाने विश्वासू. परंतु सर्वांत मोठी मर्यादा निराळीच आहे. नाडी चढण्यास परिश्रम हे एकच कारण नसते. ताप असला, रात्रीची झोप झाली नसली, तरी ती चढते. आणि भीतीनेही चढते. ज्या मैदानावर शिक्षकाच्या हाती छडी दिसते, तेथे मुलाची नाडी पाऊल न उचलताच वाढलेली आढळेल. यंत्र आकडा दाखवील. तो धावण्याचा की धाकाचा, हे त्यास सांगता यावयाचे नाही. ते मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या माणसालाच सांगता येते.

म्हणून नाडीच्या आकड्यावर परस्पर गुण देणे इष्ट नव्हे. आकडा हा मुलाशी बोलण्याचा आरंभ असावा, शेवट नसावा. शिवाय ही मुलाच्या शरीराची खासगी माहिती आहे. वर्गाच्या फळ्यावर प्रत्येकाची नाडी लिहिणे किंवा ती परक्या कंपनीच्या दप्तरी जमा होऊ देणे यात विवेक नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळून पाहता येईल अशा संमतीची अट घातलेली आहे.

राहिला प्रश्न खर्चाचा. पन्नास मुलांना पन्नास पट्टे घेणे गावच्या शाळेस परवडावयाचे नाही, आणि त्याची जरुरीही नाही. दोन बोटे आणि सेकंदकाटा असलेले एक घड्याळ एवढे साहित्य हिवरखेडच्या शाळेतही आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस तर्जनी व मधले बोट हलके टेकावे. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी फसविते. धावणे थांबताच मनगटावर ठोके लागत नसतील तर तळहात छातीच्या डाव्या अंगास ठेवावा. शिक्षकाने ‘सुरू’ म्हणावे आणि दहा सेकंदांनी ‘थांबा’ म्हणावे. पंचवीस ठोके भरले तर मिनिटास 150. बत्तीस भरले तर 192. उशीर मात्र करू नये. मूल थांबले की नाडी भराभर उतरू लागते. मोजण्यात एका ठोक्याची चूक म्हणजे मिनिटास सहांची चूक, हेही मुलांस समजावून सांगावे. सहाचा पाढा, सरासरी आणि आलेख यांचा याहून जिवंत धडा गणिताच्या तासालाही मिळावयाचा नाही.

यापुढची पायरी म्हणजे विसाव्याची नाडी. ही कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ब्रूहा व त्यांचे सहकारी यांनी 1943 साली एक कसोटी प्रसिद्ध केली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटास तीस वेळा या गतीने पाच मिनिटे चढउतार करावयाची, आणि नंतर बसून ठराविक अंतराने नाडी मोजावयाची. नाडी जितकी लवकर उतरेल तितके हृदय कसलेले. ती उंची तरुण पुरुषांसाठी होती. मुलांस शाळेच्या व्हरांड्याची ठेंगणी पायरी आणि दोनतीन मिनिटे पुरेत. श्रमानंतर लगेच एकदा आणि मिनिटभराने पुन्हा एकदा नाडी मोजून प्रत्येक मुलाने ती आपल्याच वहीत लिहून ठेवावी. जुलैपासून डिसेंबरपर्यंत तेवढ्याच पायऱ्यांना नाडी कमी चढू लागली किंवा लवकर उतरू लागली, तर ते मूल बळकट झाले. शेजाऱ्याच्या वहीत काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. जे मूल आयुष्यात कधी पहिले येणार नाही, त्यालाही स्वतःची प्रगती स्वतःच्या हस्ताक्षरात दिसते. खेळापासून दूर पळालेल्या मुलाला परत मैदानावर आणण्यास याहून मोठे बक्षीस कोणते असणार?

शाळेस एकदोन पट्टे मिळाले तर ते अवश्य घ्यावेत. बोटांची मोजणी कितपत बरोबर आहे हे पडताळण्यास, आणि संपूर्ण तासात हृदय कसे चढते-उतरते हे मुलांस दाखविण्यास ते उपयोगी पडतील. ज्या मुलास धावताना छातीत दुखते, घेरी येते, ओठ निळसर दिसतात, त्यास मात्र कोणतीही मोजणी करीत न बसता व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत हृदयाच्या दोषांचाही समावेश आहे. त्या पथकास शिक्षकाने आपली शंका सांगावी.

शहरातील सुशिक्षित घरांत आता मुलाच्या मनगटावर असे घड्याळ बांधण्याची हौस आढळते. त्यात वावगे काही नाही. परंतु घड्याळ देण्यापूर्वी त्याच मुलाला एकदा बोटांनी आपली नाडी शोधावयास लावावी. जिना चढून आल्यावर ती मोजावयास सांगावी, आणि आजोबांची नाडीही मोजू द्यावी. आणि व्यायामाच्या तासाची चौकशी करताना ‘कितवा आलास?’ असे विचारण्याऐवजी ‘किती दमलास, आणि दम किती वेळात उतरला?’ असे विचारावे. हिवरखेडच्या मैदानावर शेवटी येणाऱ्या मुलीला या एका प्रश्नाने जेवढा न्याय मिळेल, तेवढा कोणत्याही शर्यतीने आजवर दिलेला नाही.